ऑलिव्हच्या कपाटाचं काय?

१९३६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या थिएटरांमध्ये बिऱ्हाड हलवण्यावरची दोन कार्टून लागोपाठ आली. डिस्नेच्या 'मूव्हिंग डे'मध्ये मिकी आणि डोनाल्डचं घरभाडं थकलेलं असतं, शेरीफ पीट त्यांचं सामान विकायला टपलेला असतो, आणि बर्फ पोचवायला आलेला गूफी मित्रांसाठी म्हणून पियानोशी झटापट करत बसतो. न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओच्या 'लेट्स गेट मूव्हिन'मध्ये घर बदलायचं असतं ऑलिव्ह ऑइलला. ब्लूटो हा सामान हलवणारा धंदेवाईक गडी, पॉपाय मदतीला धावून आलेला. दोघांनाही सामानापेक्षा सामानाच्या मालकिणीत जास्त रस. मग कोण जास्त उचलतो, कोण जास्त ताकद दाखवतो याची चढाओढ लागते, ती हाणामारीवर येते, पालकाचा डबा उघडतो, आणि पुढचं आपण टीव्हीवर शंभरदा पाहिलेलं आहे.

पॉपाय जिंकतो, ऑलिव्ह खूश होते. प्रश्न एकच उरतो आणि तो कार्टून विचारत नाही: तिचं कपाट, आरसा, पलंग, जे काही होतं ते नव्या घरी कुठल्या अवस्थेत पोचलं?

कार्टूननं तो विचारावा अशी माझी अपेक्षा नाही. सात मिनिटांत हसवायचं असतं त्याला. पण ग्राहकाला खूश करण्यासाठी दोघं-तिघं चढाओढ करत असतील तर ग्राहकाचं भलंच होणार, हे आपण इतकं गृहीत धरून चाललो आहोत की नव्वद वर्षांपूर्वीच्या या विनोदात दडलेली शंका आता मोठ्यानं विचारायला हवी. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पर्धा हवी, पण ती दाराबाहेर, काम कोणाला द्यायचं हे ठरेपर्यंत. सामानाला हात लागला की ती थांबली पाहिजे. काम चालू असताना चाललेली स्पर्धा ग्राहकासाठी नसते. ती ग्राहकासमोर असते, आणि तिचा खर्च ग्राहक आणि हमाल मिळून भरतात.

फ्लायशर मंडळींना हे पक्कं ठाऊक असावं असं त्या काळची त्यांची इतर कार्टून पाहताना वाटतं. त्याच १९३६ च्या 'अ क्लीन शेव्हन मॅन'मध्ये ऑलिव्हला गुळगुळीत दाढी केलेला पुरुष हवा असतो. पॉपाय आणि ब्लूटो त्यासाठी न्हाव्याच्या दुकानात एकमेकांची हजामत करतात, अक्षरशः आणि लाक्षणिकही. शेवटी ऑलिव्ह जाते ती भल्याथोरल्या दाढीवाल्या माणसाच्या हातात हात घालून. पुढच्या वर्षीच्या 'हॉस्पिटलिकी'त ऑलिव्ह परिचारिका आहे, म्हणून हे दोघे आधी जखमी कोण होतो यासाठी जिवावर उदार होतात. पॉपाय अखेर स्वतःचा पालक ब्लूटोला भरवतो, का, तर त्यानं आपल्याला झोडपावं आणि आपल्याला खाट मिळावी. स्पर्धा एकदा डोक्यात भिनली की मूळ हेतू कसा उलटा होतो, याचं इतकं नेमकं चित्र अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

माझ्या मते यांतलं सर्वात बोचरं कार्टून 'द पेनलेस विंडो वॉशर', १९३७ चं. ब्लूटो खिडक्या पुसणारा. धंदा मंदावलेला. तो स्वतःच लोकांच्या खिडक्यांवर चिखल उडवतो आणि मग पुसायला हजर होतो. ऑलिव्ह त्या इमारतीत टंकलेखनाची कामं घेते. तिच्या खिडकीसाठी पॉपाय आणि ब्लूटो यांची जुंपते. आपल्याला आज जे 'ऑफर' म्हणून मिळतं, त्यातलं किती गरजेचं आणि किती आधी चिखल उडवून मग पुसलेलं, हे ज्याचं त्यानं मोजावं. आणि १९३९ चं 'कस्टमर्स वॉन्टेड' बघा. दोघांची शेजारीशेजारी करमणुकीची दुकानं, एकाच विम्पीला दोघेही आपल्याकडे ओढतायत. विम्पी मात्र त्यांच्या भांडणाचाच खेळ करून पैसे कमावतो. हॅम्बर्गरचे पैसे मंगळवारी देईन म्हणणारा हा फुकट्या माणूस या सगळ्या गोतावळ्यात एकटाच धंदा ओळखणारा निघतो. त्याच्याकडे पुन्हा येऊ, कारण आजच्या बाजारात विम्पी कोण आहे हे ओळखणं फार महत्त्वाचं आहे.

आता दुसरी बाजू. याच स्टुडिओचं १९३६ चंच 'ब्रिज अहॉय' आहे. नदी ओलांडायला ब्लूटोची एकच फेरीबोट. दुसरा पर्याय नाही, म्हणून तो मनाला येईल तसा वागतो, उतारूंना हाणतो. पॉपाय, ऑलिव्ह आणि विम्पी मिळून शेजारी पूलच बांधायला घेतात. इथे स्पर्धा खरीखुरी उपयोगाची आहे. उतारू काठावर उभा राहून ठरवू शकतो, बोटीनं जायचं की पुलानं. दोन्ही पर्याय त्याच्या डोळ्यांसमोर आहेत आणि त्याचं गाठोडं अजून त्याच्याच हातात आहे. ऑलिव्हचं तसं नाही. तिचं घर अर्धं जिन्यात आहे, अर्धं रस्त्यावर. निवडीची वेळ निघून गेली आहे. तिला आता हुशार प्रतिस्पर्धी नकोत, एका पावलानं चालणारे दोन हमाल हवेत. लोखंडी कपाटाला दोन टोकं असतात. खालच्या माणसानं वरच्याच्या आधी जिना उतरून दाखवायचं ठरवलं तर काय होतं, हे तिसऱ्या मजल्यावरून घर हलवलेल्या कोणालाही विचारा.

इथे कोणी लॉरेल आणि हार्डीची आठवण काढील. १९३२ च्या 'द म्यूझिक बॉक्स'मध्ये ते दोघे भागीदार आहेत, प्रतिस्पर्धी अजिबात नाहीत, आणि तरीही शंभराहून अधिक पायऱ्या चढवलेल्या पियानोची वाट लागतेच. कबूल. पण त्यांचा दोष अडाणीपणाचा आहे. त्यांना कोणी दोरी कशी बांधायची, वजन कुठे घ्यायचं हे महिनाभर शिकवलं तर तो पियानो धड पोचेल. पॉपाय-ब्लूटोंना शिकवण्यासारखं काही नाही, अंगात बळ उदंड आहे. सामान धड पोचत नाही, कारण त्यांचं बक्षीस सामान पोचण्याला लावलेलंच नाही. ते लावलंय ऑलिव्हच्या नजरेला. कामाचा दर्जा आणि कामगाराचं बक्षीस यांची अशी फारकत झाली की माणूस कितीही चांगला असला तरी सामान आपटणारच.

त्या काळच्या अमेरिकेला हा प्रश्न केवळ विनोदाचा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये पिढ्यान्‌पिढ्या १ मे हा बिऱ्हाड बदलण्याचा दिवस होता. शहरातले भाडेकरार त्या दिवशी एकदम संपत आणि रस्त्यांवर पलंग, चुली आणि पिंजऱ्यातले पोपट यांची गर्दी होई. गाडीवाले त्या दिवशी तोंडाला येईल तो भाव सांगत. शहरानं गाडीवाल्यांना परवाने आणि बांधलेले दर लावून पाहिले होते. १९३० च्या दशकातल्या महामंदीत चित्र उलटं झालं. ज्याच्याकडे जुनापुराणा ट्रक, तो मिळेल त्या भाड्यात माल न्यायला तयार. झोप नाही, दुरुस्ती नाही, विमा नाही. यातून १९३५ चा मोटर कॅरियर कायदा आला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी ट्रकवाहतूक, तिचे दर आणि परवाने इंटरस्टेट कॉमर्स कमिशन या केंद्रीय आयोगाच्या हाती गेले. यात रेल्वे कंपन्यांचाही स्वार्थ होता, ट्रक त्यांचा धंदा खात होते. पण जीवघेणी स्पर्धा चालकालाही मारते आणि मालालाही, ही जाणीवही खरी होती. ऑलिव्हचं सामान ज्या वर्षी पडद्यावर हललं, त्याच्या आदल्याच वर्षी हा कायदा झाला होता.

मग पुढची पंचेचाळीस वर्षं अमेरिकेनं दुसरं टोक पाहिलं. दर ठरवायचे म्हणजे वाहतूकदारांनी एकत्र बसून ठरवायचे, नव्या माणसाला परवाना मिळणं मुश्कील, ग्राहकाला सगळीकडे एकच भाव. थोडक्यात ब्लूटोची फेरीबोट, पण सरकारी शिक्क्याची. १९८० मध्ये ते बंधन सैल केलं गेलं, घरसामानाच्या वाहतुकीसाठी त्याच वर्षी वेगळा कायदाही झाला, आणि १९९५ संपताना कमिशनच बंद झालं. भाडी उतरली, कंपन्या वाढल्या. त्याबरोबर एक नवा प्रकार बोकाळला, ज्याला तिकडे 'ओलीस सामान' म्हणतात. फोनवर स्वस्त अंदाज द्यायचा, सामान ट्रकमध्ये भरायचं, आणि मग दुप्पट-तिप्पट पैसे मिळेपर्यंत दार उघडायचं नाही. शेवटी नियम करावा लागला की अंदाज बंधनकारक नसेल, तर सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येणार नाही.

आणि फुटलं तर? अमेरिकी नियमांत ग्राहकाकडून लेखी मान्य करून घेतलेल्या कमीत कमी हमीचा दर आहे एका पौंडाला ६० सेंट. म्हणजे वीस किलोचा टीव्ही चक्काचूर झाला तर हातात साधारण २६ डॉलर. पणजीचा चांदीचा करंडा हरवला तर त्याहून कमी, कारण तो हलका. पूर्ण किमतीची हमीही असते, पण तिला जास्त पैसे पडतात, आणि 'सर्वांत स्वस्त' दिसायच्या शर्यतीत कंपनी कुठल्या हमीचा भाव पुढे करील हे सांगायला नको. आपल्याकडेही २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित आहे. मालाची जास्त किंमत आधी जाहीर केली असेल तरच ती वाढते. मुंबई-पुण्याहून बंगळुरूला निघालेलं बिऱ्हाड वाटेत अडकवून जादा पैसे उकळण्याच्या तक्रारी पॅकर्स अँड मूव्हर्सच्या धंद्यात जुन्याच आहेत.

घर हलवणं ही आयुष्यात मोजक्या वेळा विकत घ्यायची सेवा. भाजीवाला खराब भेंडी देतो तेव्हा दुसऱ्या दिवशी आपण शेजारच्या गाडीवर जातो आणि त्याला ते कळतं. बिऱ्हाड हलवणाऱ्याला आपण पुन्हा भेटणारच नसतो. स्पर्धेचा जो खरा चाबूक, 'पुढच्या वेळी येणार नाही', तो इथे चालतच नाही. म्हणून या धंद्यात स्पर्धा भावावर होते, दिखाऊपणावर होते, गणवेश आणि चकचकीत खोक्यांवर होते. कपाट सरळ धरण्यावर होत नाही. ते काम नियमानं, प्रशिक्षणानं आणि नुकसानभरपाईच्या स्पष्ट कलमानं करून घ्यावं लागतं.

इथवर फारसा वाद होऊ नये. वाद सुरू होतो तो पुढे, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत आपण कामाच्या आतली स्पर्धा हा एक स्वतंत्र उद्योगच बनवला आहे. पूर्वी दोन दुकानं एकमेकांशी स्पर्धा करत आणि दुकानातला पोऱ्या पगारावर असे. आता दुकानांची स्पर्धा थेट पोऱ्याच्या खिशातल्या फोनवर उतरली आहे. त्याला सेकंद मोजणारं घड्याळ दिसतं, तारे दिसतात, आज अमुक फेऱ्या पूर्ण केल्या तर अमुक जादा, एक कमी पडली तर काही नाही, असा हिशेब दिसतो. त्याचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कंपनीचा माणूस नसतो. तो त्याच रंगाचा टी-शर्ट घातलेला, त्याच सिग्नलला शेजारी थांबलेला मुलगा असतो. आणि या दोघांच्या मारामारीची तिकिटं विकणारा विम्पी? तो कंपनीच्या मुख्यालयात बसलेला आहे. त्याला कोण जिंकतं याच्याशी कर्तव्य नाही, खेळ चालू राहिला पाहिजे.

या खेळाची किंमत कोणी मोजली हेही जगाला नवीन नाही. डॉमिनोज अमेरिकेत 'तीस मिनिटांत पिझ्झा' अशी हमी द्यायची. १९९३ च्या डिसेंबरमध्ये सेंट लुईसच्या ज्युरीनं कंपनीच्या गाडीनं झालेल्या एका अपघाताच्या खटल्यात जवळपास आठ कोटी डॉलरची भरपाई फर्मावली आणि कंपनीनं तिथली हमी बंद केली. पुढे ते प्रकरण कमी रकमेत मिटलं. भारतात मात्र हीच हमी, 'नाही तर फुकट' या शेपटासकट, नंतर कितीतरी वर्षं जाहिरातीत मिरवत राहिली. इथल्या रस्त्यांवर उशीर झाला तर काय होतं ते आपण सगळे जाणतो, पण आपल्यातल्या बहुतेकांनी दारातल्या मुलासमोर घड्याळ पाहिलेलंच आहे. २०२१ नंतर तीसचे दहा झाले. २०२६ च्या जानेवारीत केंद्रीय कामगार मंत्र्यांनी मध्यस्थी केल्यावर ब्लिंकिटनं जाहिरातीतून 'दहा मिनिटां'चा दावा काढला. चांगलं झालं. पण फलकावरचा आकडा पुसला म्हणून फेऱ्यांवर लावलेलं बक्षीस पुसलं जात नाही, आणि मुलगा पळतो तो बक्षिसामागे.

यावर नेहमीचं उत्तर असं: ग्राहकालाच घाई आहे, तोच वेग मागतो, कंपन्या फक्त पुरवतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. ग्राहकाला वेग दिला तर तो घेतो, यात नवल नाही. ऑलिव्हलाही दोन तगडे पुरुष आपल्यासाठी झटताना बघायला आवडतंच. पण तिला कोणी आधी विचारलं असतं, 'बाई, तमाशा हवा की आरसा शाबूत हवा?' तर तिनं काय सांगितलं असतं? दहा मिनिटांची कोथिंबीर आणि चाळीस मिनिटांची कोथिंबीर यांतला फरक त्या मुलाच्या गुडघ्यापुढे किती, हा प्रश्न ऑर्डर देताना पडद्यावर येत नाही. आला तर मागणी बदलेल असं मला वाटतं. किमान काहींची तरी.

महाराष्ट्राला या बाबतीत कोणाकडून शिकायची गरज पडू नये, कारण ओझं उचलणाऱ्या माणसांसाठीचा देशातला सर्वात विचारपूर्वक केलेला कायदा इथलाच आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांची मुंबईतली माथाडी चळवळ, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, या सगळ्या खटपटीतून ही कल्पना रुजली. हमाल एका दुकानाचा नोकर नसतो, सकाळी या गाळ्यावर तर दुपारी त्या गाळ्यावर. मग त्याचा मालक कोण? कायद्यानं सांगितलं, मालक शोधत बसू नका. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंद मंडळात. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि त्यातून हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. शंभर किलोच्या पोत्याऐवजी पन्नास किलोचं पोतं ही हमालांच्या संघटनांची जुनी मागणीही याच विचारातली: माणसानं किती उचलायचं याची हद्द त्याच्या मर्दुमकीवर सोडायची नाही. आणि टोळी. टोळीनं काम करायचं, मजुरी वाटून घ्यायची. कोण जास्त पोती उचलतो ही चढाओढ पोटाला लावलेली नाही, त्यामुळे दोन माणसं एका पावलानं फळीवरून चालू शकतात.

पण हा लेख वाचणारा पुण्याचा असेल तर त्याच्या ओठावर आत्ता एकच शब्द आला असणार: वाराई. घरचं सामान घरच्याच माणसांनी उतरवलं तरी कोपऱ्यावर उभी असलेली चार माणसं 'आमचा एरिया' म्हणून पैसे मागतात, ही तक्रार खोटी नाही. माथाडीचं नाव सांगून होणाऱ्या खंडणीबद्दल पोलिसांना नागरिकांना पुढे या असं सांगावं लागलं आहे. त्यात खरे नोंदणीकृत माथाडी किती आणि नुसते गुंड किती, यावर संघटनांचं आणि उद्योजकांचं कायमचं भांडण आहे. माझ्या दृष्टीनं ही ब्लूटोची फेरीबोटच. जिथे निवड करायचा हक्क दाराबाहेरच काढून घेतला जातो तिथे टोळीचं संरक्षण टोळीची दादागिरी होतं. म्हणूनच मी दोन गोष्टी एकत्र मागतो आणि त्या एकमेकींच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. कोणाला काम द्यायचं, की स्वतःच करायचं, हे ग्राहकानं मोकळेपणानं ठरवावं. एकदा दिलं की दर, वजन, माणसांची संख्या आणि फुटतुटीची जबाबदारी यांवर घासाघीस किंवा शर्यत नसावी.

गिग कामगारांचे, म्हणजे ॲपवरून फेरीगणिक काम करणाऱ्यांचे, नवे कायदे याच वाटेनं चाचपडत निघाले आहेत. राजस्थाननं २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आणि मंडळ ही रचना आहे, जी माथाडी मंडळाची पुतणी शोभावी. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती अंमलात यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायचे आहेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. निधी हवाच. पण हे सगळं पडल्यावर हात देण्याचं आहे. जिन्यात शर्यत लावू नका, हे अजून कुठल्या कायद्यानं पुरेसं ठासून सांगितलेलं नाही. घड्याळ, तारे आणि फेऱ्यांचं बक्षीस या कामाच्या अटी आहेत, त्या कंपनीनं हवं तेव्हा बदलायची खासगी खेळणी नाहीत. कारखान्यातल्या पट्ट्याचा वेग जसा कामगार संघटनेशी बोलण्याचा विषय असतो तसाच हा.

हे सगळं ज्यांच्या चित्रांवरून सुचलं त्या फ्लायशर स्टुडिओतच पट्ट्याच्या वेगावरून भांडण पेटलं होतं. ऑलिव्हचं घर हलवल्यानंतर वर्षाच्या आत, १९३७ च्या मे महिन्यात, तुटपुंजी मजुरी आणि कामाचा रेटा यांना कंटाळून तिथले चित्रकार संपावर गेले. पॉपायच्या गाण्याचं विडंबन करत ते रस्त्यावर घोषणा देत होते. पाच महिन्यांनी करार झाला. पुढच्या वर्षी स्टुडिओ न्यूयॉर्क सोडून मायामीला गेला, जिथे संघटनांचा जोर कमी होता. स्वतः मालकही एका शर्यतीत अडकले होतेच. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'नं इतिहास घडवल्यावर फ्लायशरांची चित्रं वितरित करणाऱ्या पॅरामाउंट कंपनीला तसाच मोठा चित्रपट हवा होता. १९३९ मध्ये 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' आला, १९४१ मध्ये 'मिस्टर बग गोज टू टाउन'. तोवर मॅक्स आणि डेव्ह या फ्लायशर भावांमध्ये बोलणंही उरलं नव्हतं. पॅरामाउंटनं स्टुडिओ ताब्यात घेतला आणि १९४२ मध्ये त्याला नवं नाव दिलं. त्यानंतरच्या पॉपायपटांत दोन पुरुष, एक ऑलिव्ह आणि एक डबा हे सूत्र इतक्या वेळा वापरलं गेलं की मला ते सलग बघवत नाहीत. फ्लायशरांच्या हातात त्या सूत्राला धार होती, नंतर नुसता साचा राहिला.

आपल्यापुरतं काय करता येईल, तर फार नाही, पण काही. पुढच्या वेळी घर बदलताना तीन ठिकाणचे भाव घ्या, भरपूर घासाघीस करा, ती तुमची वेळ आहे. कोटेशनवर माणसं किती येणार, विमा कसला, फुटलं तर कोण किती दिवसांत किती देणार, हे लिहून घ्या. ते लिहायला जो कां कू करतो त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो नको. टेम्पो दारात लागल्यावर मात्र मुकादमाला 'त्या दुसऱ्यानं दोन तासांत केलं असतं' असं सुनावू नका, आणि कंपनीनं नंतर प्रत्येक हमालाला वेगवेगळे तारे द्यायला सांगितलं तर देऊ नका. द्यायचे तर टोळीला द्या.